कंट्रोलर पाडणारं पॅकेट कुठून येऊ शकतं, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या आवारातलं वाय-फाय कंट्रोलरच्या एका जोडीवर चालतं; कंट्रोलर म्हणजे सगळे एपी (ॲक्सेस पॉइंट, वाय-फायचा सिग्नल देणारी छोटी यंत्रं) एका जागेवरून सांभाळणारं यंत्र. उत्पादकाने त्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधल्या डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा बंद पाडता येणाऱ्या, त्रुटीबद्दल सूचना काढली आहे. गांभीर्याचा स्कोअर दहापैकी ७.४. हल्लेखोर लगतच्या नेटवर्कमध्ये असायला हवा, लॉगिनची गरज नाही, पर्यायी उपाय नाही, नवी आवृत्ती टाकणं एवढाच इलाज. अपग्रेडसाठी सेवा थांबवायची परवानगी मात्र दीड महिन्यानंतरची आहे. वरिष्ठ म्हणतात, यात माहिती चोरीला जात नाही, शिवाय दुसरा कंट्रोलर राखीव आहेच, तेव्हा थांबू. थांबावं का, आणि थांबलोच तर तोवर काय करावं?

माझं उत्तर: दीड महिना थांबता येईल, पण नेटवर्क आज जसं आहे तसंच ठेवून नाही. थांबायचं की नाही हे स्कोअर ठरवत नाही. ते घातक पॅकेट तुमच्या कंट्रोलरच्या प्रोसेसपर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोचू शकतं आणि कंट्रोलर पडला तर नेटवर्क पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो, या दोन गोष्टींवर ते ठरतं. दोन्ही गोष्टी सूचनेत लिहिलेल्या नसतात, कारण त्या तुमच्या नेटवर्कबद्दलच्या असतात. त्या तुम्हालाच शोधाव्या लागतील.

आधी ७.४ कसा येतो ते बघा. या प्रकारच्या त्रुटीत गोपनीयतेवर परिणाम शून्य, माहितीच्या अचूकतेवर शून्य आणि उपलब्धतेवर पूर्ण परिणाम धरलेला असतो. हल्ला सोपा, ओळख द्यावी लागत नाही, समोरच्या वापरकर्त्याने काही करावं लागत नाही, आणि एक यंत्र पडल्याने त्याच्यावर विसंबलेली बाकीची यंत्रणाही पडते. या सगळ्यात 'लगतचं नेटवर्क' ही अट घातली की ७.४ येतो. तीच अट काढून 'कुठूनही' लिहिलं की त्याच त्रुटीचा स्कोअर ८.६ होतो. म्हणजे या दोन आकड्यांत फरक आहे तो फक्त हल्लेखोर कुठे उभा आहे याचा.

आणि इथेच वाय-फायवाल्यांनी सावध व्हायला हवं. वायर्ड नेटवर्कमध्ये 'लगतचं' म्हणजे इमारतीत शिरून त्याच सेगमेंटवर केबल जोडलेला माणूस. वाय-फायमध्ये 'लगतचं' म्हणजे सिग्नल पोचतो तिथे उभा असलेला कुणीही: पार्किंगमधला, रस्त्यापलीकडचा, वरच्या मजल्यावरच्या भलत्याच ऑफिसमधला. तुमच्याकडे पासवर्डविना जोडता येणारं गेस्ट नेटवर्क असेल, तर त्रुटी 'जोडलेल्या क्लायंटकडून', म्हणजे वाय-फायला लागलेल्या फोन-लॅपटॉपकडून, घडवता येते या वाक्याला काही अर्थच उरत नाही, कारण जोडून घ्यायला काहीच लागत नाही. त्यामुळे सूचनेत 'लगतचं' वाचून ज्यांना हायसं वाटतं, त्यांनी आपलं गेस्ट नेटवर्क डोळ्यांसमोर आणून ते वाक्य पुन्हा वाचावं.

सगळ्या डिनायल ऑफ सर्व्हिस त्रुटी एका माळेचे मणी नाहीत. कंट्रोलर पडण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा आहेत, आणि कोणत्या तऱ्हेची त्रुटी आहे यावर दीड महिन्यात काय करायचं ते ठरतं.

पहिली तऱ्हा, मेमरी झिरपण्याची. सिस्को कंपनीच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरमधली सीव्हीई-२०२३-२०२५१ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा नोंद क्रमांक) अशीच होती: विशिष्ट परिस्थितीत अनेक क्लायंट जोडले जाताना मेमरी घेतली जायची ती परत दिली जायची नाही, आणि शेवटी यंत्र रीबूट व्हायचं. नव्या आयओएस एक्सई कंट्रोलरमध्ये मे २०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-२०१४० याच जातीची. जोडलेला क्लायंट आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) विनंत्यांची मालिका पाठवत राहिला की डब्ल्यूएनसीडी ही प्रोसेस उपलब्ध मेमरी खात सुटते आणि यंत्र प्रतिसाद देणं बंद करतं. डब्ल्यूएनसीडी म्हणजे एपी आणि क्लायंटची सगळी सत्रं सांभाळणारी प्रोसेस, कंट्रोलरचा कणाच.

दुसरी तऱ्हा, सीपीयू गुदमरण्याची. मार्च २०२४ मधली सीव्हीई-२०२४-२०३०३ हे उदाहरण. एमडीएनएस गेटवे (प्रोजेक्टरसारखी यंत्रं क्लायंटना शोधून देणारी सोय) चालू असेल आणि एखाद्या क्लायंटने ठराविक प्रकारच्या एमडीएनएस पॅकेटचा सतत मारा केला, तर सीपीयू इतका व्यापतो की एपींचा कंट्रोलरशी संपर्क तुटू लागतो. इथे कंट्रोलर रीबूट होतोच असं नाही. यंत्र चालू दिसतं, पिंगला उत्तरही देतं, आणि तरी एपी गळत राहतात. असला बिघाड शोधायला सगळ्यात चिवट असतो, कारण पहिले काही तास सगळे जण स्विच, केबल आणि पॉवर यांतच दोष शोधत असतात.

तिसरी तऱ्हा, एका पॅकेटसरशी कोसळण्याची. ही सगळ्यात वाईट, आणि तिचं एक उदाहरण मला जवळून दाखवायचं आहे, कारण वाटा शोधायच्या म्हणजे काय ते त्यातून नीट कळतं.

मे २०२५ मध्येच सीव्हीई-२०२५-२०२०२ जाहीर झाली. तिचा मार्ग असा. एपी आपल्या वायर्ड पोर्टवर शेजारच्या स्विचचे सीडीपी संदेश ऐकतो; सीडीपी म्हणजे सिस्कोची यंत्रं शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगतात ती पद्धत. आपण कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला लागलो आहोत हे त्याला त्यातून कळतं. ही माहिती तो स्वतःपाशी ठेवत नाही, तर शेजाऱ्याचा अहवाल म्हणून कंट्रोलरकडे पाठवतो, म्हणूनच तुम्हाला कंट्रोलरच्या स्क्रीनवर प्रत्येक एपीसमोर स्विचचं नाव आणि पोर्ट दिसतो. त्रुटी अशी की कंट्रोलर तो अहवाल वाचताना आतल्या मजकुराची पुरेशी तपासणी करत नव्हता. एपीला मुद्दाम बिघडवलेलं सीडीपी पॅकेट मिळालं, एपीने ते इमानदारीने पुढे कळवलं, आणि कंट्रोलर रीलोड झाला.

आता यात हल्लेखोराने कंट्रोलरचा आयपी पत्ताही पाहिलेला नाही. कंट्रोलरसमोर कितीही कडक फायरवॉल ठेवलं तरी ते पॅकेट अडणार नाही, कारण ते एपी आणि कंट्रोलरमधल्या एनक्रिप्टेड बोगद्यातून, विश्वासू एपीच्या तोंडून आलेलं आहे. ज्याला एपीच्या केबलपर्यंत हात नेता येतो, तो तिथून शेकडो एपींचं नेटवर्क पाडू शकतो. 'कंट्रोलर डेटा सेंटरमध्ये कुलूपबंद आहे' हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. कंट्रोलर कुलूपबंद असतो, पण त्याला माहिती पुरवणारे हात छतावर, जिन्यात आणि प्रतीक्षागृहात लटकत असतात.

म्हणून वाटा मोजायला बसा तेव्हा कागदावर चार रकाने करा. हवेतून क्लायंटकडून येणारं, एपीच्या वायर्ड बाजूने येणारं, थेट कंट्रोलरच्या आयपीवर येणारं, आणि दुसऱ्या कंट्रोलरकडून किंवा रेडियस सर्व्हरसारख्या (लॉगिन तपासणाऱ्या) मदतनीस यंत्राकडून येणारं. सूचनेतल्या त्रुटीचं पॅकेट कोणत्या रकान्यात बसतं ते ठरवा, मग त्या वाटेवर तुमच्याकडे आज काय आहे ते लिहा. तासाभराचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

जाता जाता एक खुलासा, कारण बैठकीत हा गोंधळ हमखास होतो. बनावट डीऑथ फ्रेम ('संपर्क तोड' असं सांगणारा संदेश) मारून क्लायंटला हवेतच तोडणं हा वेगळा हल्ला आहे. त्यावर ८०२.११डब्ल्यू हे मानक २००९ मध्ये आलं, डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत ते संरक्षण सक्तीचं आहे. ते चालू ठेवाच. पण कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवर त्याचा उपयोग नाही, आणि कंट्रोलरचा पॅच टाकून रेडिओ जॅमिंग थांबत नाही.

आता दुसरा मुद्दा, नेटवर्क पुन्हा उभं राहण्याचा. सूचनेत 'यंत्र रीलोड होतं' एवढंच लिहिलेलं असतं आणि वाचणारा मनात धरतो की पाच-दहा मिनिटं जातील. प्रत्यक्षात काय होतं ते क्रमाने बघू. समजा सहाशे एपी आहेत आणि कंट्रोलर एकच आहे.

एपी आणि कंट्रोलर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्या कॅपवॅप प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे २००९ च्या आरएफसी ५४१५ या मानकात, त्यांच्यातल्या हृदयाच्या ठोक्याचं ('आहेस ना?' या विचारणेचं) ठरीव अंतर ३० सेकंदांचं आहे. उत्तर आलं नाही तर एपी पाच वेळा पुन्हा विचारतो. म्हणजे कंट्रोलर गेला हे एपीच्या लक्षात यायलाच अर्धं-एक मिनिट जाऊ शकतं. तेवढ्या वेळात क्लायंट जोडलेला दिसतो, पण ज्याचा डेटा कंट्रोलरमार्गे जातो त्याचं काहीच चालत नाही. मग एपी बोगदा मोडतो, कंट्रोलरमार्गे चालणारी नेटवर्कं हवेतून काढून घेतो आणि पुन्हा कंट्रोलर शोधायला लागतो. कंट्रोलर बूट होऊन आला की सहाशे एपी जवळपास एकाच वेळी दार ठोठावतात. प्रत्येकाशी डीटीएलएसची (एनक्रिप्टेड बोगदा बांधण्याची) ओळखपरेड, प्रमाणपत्रांची तपासणी, जॉइन, मग कॉन्फिगरेशन उतरवणं. यात सीपीयू लागतो, आणि ज्या एपीची पाळी वेळेत येत नाही तो कंटाळून पहिल्यापासून सुरुवात करतो.

एपी आले की क्लायंट येतात. रीबूटमध्ये कंट्रोलरजवळच्या जपून ठेवलेल्या किल्ल्या गेलेल्या असतात, त्यामुळे कुणालाही झटपट आत घेता येत नाही. प्रत्येक लॅपटॉप, फोन आणि स्कॅनरचं ८०२.१एक्सचं, म्हणजे प्रत्येकाची ओळख स्वतंत्र तपासण्याच्या पद्धतीचं, पूर्ण प्रमाणीकरण होतं. ईएपी-टीएलएस (प्रमाणपत्र दाखवून ओळख पटवणं) असेल तर एका क्लायंटमागे रेडियस सर्व्हरशी बऱ्याच फेऱ्या. हजारो यंत्रांच्या एकदम फेऱ्या सुरू झाल्या की रेडियस सर्व्हर हळू होतो. तो हळू झाला की कंट्रोलर त्याला मेलेला समजून दुसऱ्या सर्व्हरकडे वळतो, आता दुसऱ्यावर सगळा भार, मग तोही मेलेला. क्लायंट दमून पुन्हा सुरुवातीपासून प्रयत्न करतात आणि भार आणखी वाढतो. कंट्रोलर केव्हाच उभा राहिलेला असतो, पण लोकांना वाय-फाय मिळत नसतं. नेटवर्क खऱ्या अर्थाने मूळपदावर यायला लागणारा वेळ रीबूटच्या वेळेच्या कित्येक पट असू शकतो, आणि हल्लेखोराला तर तेवढ्यात दुसरं पॅकेट पाठवायचं असतं.

वरिष्ठांना 'फक्त डिनायल ऑफ सर्व्हिस' यातला 'फक्त' सोडायला लावायचा असेल, तर हा क्रम त्यांच्यासमोर मांडा. वाय-फायवर आज काय काय चालतं त्याची यादी त्यासोबत द्या: गोदामातले हातातले स्कॅनर, वाय-फायवरचे फोन, रुग्णालयातली देखरेखीची यंत्रं, दाराची कुलपं. तुमच्याकडे यातलं जे असेल ते लिहा. माहिती चोरीला जात नाही हे खरं आहे, पण काम बंद पडतं हेही तितकंच खरं आहे.

आता राखीव कंट्रोलरबद्दल, कारण निम्मा विश्वास त्याच्यावर टाकलेला दिसतो. जोडीतला दुसरा कंट्रोलर पहिल्याची स्थिती सतत उचलून ठेवतो, पहिला पडला की सूत्रं हाती घेतो, आणि एपी-क्लायंटला सहसा कळतही नाही. पॉवर सप्लाय जळाला, केबल निघाली, हार्डवेअर बिघडलं, तर ही सोय अप्रतिम आहे. पण दोन्ही यंत्रांवर तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, तीच त्रुटी असते. तेच पॅकेट पुन्हा आलं की दुसरा पडतो, आणि तोवर पहिला अजून बूट होत असतो. मेमरी झिरपण्याच्या तऱ्हेत राखीव यंत्र तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं, त्यामुळे तिथे त्याला काही किंमत आहे. एका पॅकेटने कोसळण्याच्या तऱ्हेत त्याच्यावर हवाला ठेवू नका.

खरा आधार एपीतच असतो. डेटा स्थानिक स्विचवरच उतरवणाऱ्या पद्धतीत, सिस्कोच्या भाषेत फ्लेक्सकनेक्टमध्ये, कंट्रोलर गेला तरी एपी स्वतंत्रपणे चालू राहतो आणि जोडलेले क्लायंट टिकतात. नवे क्लायंटही येऊ शकतात, पण प्री-शेअर्ड की (सगळ्यांचा एकच पासवर्ड) असेल किंवा एपीला थेट रेडियसशी बोलायची मुभा आधीच दिलेली असेल तर. वेब पानावर लॉगिन करून घेणारं गेस्ट नेटवर्क मात्र सहसा बंद पडतं. तुमच्याकडे एखादी सेवा अशी असेल की ती पाच मिनिटंही थांबू शकत नाही, तर तिच्या नेटवर्कसाठी ही पद्धत या निमित्ताने विचारात घ्या. बदल मोठा आहे, व्हीलॅनची (एकाच नेटवर्कमधल्या वेगळ्या कप्प्यांची) मांडणी प्रत्येक स्विचवर बदलावी लागते, रोमिंग तपासून घ्यावं लागतं. दीड महिन्यात सगळं आवार हलवू नका. अत्यावश्यक तेवढंच.

तर तोवर करायचं काय. सूचनेत 'पर्यायी उपाय नाही' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ उत्पादकाला सर्वांसाठी लागू पडेल असं एकच सेटिंग सांगता येत नाही, इतकाच आहे. वाट अरुंद करणं तुमच्या हातात राहतंच.

कंट्रोलरच्या व्यवस्थापन आयपीवर कोण बोलू शकतं ते आधी बघा. कॅपवॅप यूडीपी ५२४६ आणि ५२४७ वापरतं. हे दोन पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायची क्रमांकित दारं, फक्त एपींच्या सबनेटमधून (पत्त्यांच्या गटातून) पोचायला हवेत. सिस्कोमध्ये कंट्रोलर-कंट्रोलर मोबिलिटीसाठी १६६६६ आणि १६६६७ लागतात, ते फक्त जोडीदार कंट्रोलरच्या पत्त्यांवरून. रेडियसकडून येणारे अधिकार बदलण्याचे संदेश फक्त रेडियस सर्व्हरकडून. वेब आणि एसएसएच फक्त ॲडमिनच्या व्हीलॅनमधून. बाकी सगळं बंद. ही यादी क्लायंट व्हीलॅनच्या गेटवेवर लावा, कारण कंट्रोलरमार्गे आलेला क्लायंटचा डेटा तिथूनच वळून कंट्रोलरच्या पत्त्यावर येतो. 'वायरलेसवरून व्यवस्थापन बंद' हे सेटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते ॲडमिन लॉगिन अडवण्यासाठी आहे, कॅपवॅप पोर्टवर येणाऱ्या पॅकेटसाठी नाही. आणि हे लक्षात असू द्या की कॅपवॅपची शोधाची पहिली विचारणा डीटीएलएस सुरू व्हायच्या आधी, उघडीच येते. कंट्रोलरला ती कुणाचीही असली तरी उघडून वाचावीच लागते. सप्टेंबर २०२० मध्ये सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९८०० या कंट्रोलर मालिकेच्या कॅपवॅप हाताळणीतल्या त्रुटींचा एक मोठा गठ्ठाच जाहीर झाला होता. प्रोटोकॉलची पॅकेट उलगडण्याचं काम जिथे होतं, तिथे असे दोष पुन्हा पुन्हा सापडत आले आहेत.

ही गोष्ट एकाच उत्पादकाची नाही. अरुबा या दुसऱ्या उत्पादकाच्या कंट्रोलर आणि एपींमध्ये पापी नावाचा प्रोटोकॉल यूडीपी ८२११ वर चालतो. एप्रिल-मे २०२४ च्या सुमारास अरुबाओएसमधल्या दहा त्रुटी एकत्र जाहीर झाल्या. त्यातल्या चार ९.८ स्कोअरच्या, ८२११ वर पॅकेट पाठवून दुरून कोड चालवता येईल अशा. बाकीच्यांमध्ये डिनायल ऑफ सर्व्हिसच्या होत्या. यंत्र कुणाचंही असो, नियंत्रणाचा पोर्ट क्लायंटला दिसता कामा नये.

पुढे एपीचे पोर्ट, म्हणजे त्यांची केबल स्विचला लागते त्या जागा. लोकांच्या हाताला लागेल अशा ठिकाणचा एपी काढून त्याच केबलला लॅपटॉप लावला तर काय होतं, हे एकदा स्वतः करून बघा. लॅपटॉपला एपी व्हीलॅनचा आयपी मिळाला आणि ५२४६ पर्यंत पोच मिळाली, तर वर लिहिलेली सगळी बंधनं त्याच्यापुरती निरुपयोगी आहेत. एपींच्या पोर्टवर ८०२.१एक्स लावता येतं, बहुतेक नव्या एपींमध्ये त्याची सोय असते. ते जमत नसेल तर निदान मॅक पत्त्याची (यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकाची) तपासणी आणि कंट्रोलरवर परवानगी असलेल्या एपींची यादी. मॅक पत्ता खोटा करता येतो हे खरं, तरी काहीच नसण्यापेक्षा ते बरं. एपी आणि स्विचच्या मध्ये कुणी साधा, व्यवस्थापन नसलेला स्विच घुसवलेला असेल तर तो काढा. सीडीपीची पॅकेट तो बिनदिक्कत सगळ्या पोर्टवर पसरवतो.

एपींवरचं सीडीपी बंद करायचा विचार मनात येईल. करा, पण आधी एक गोष्ट तपासा. एपी आपल्याला किती वीज हवी हे स्विचला सीडीपी किंवा एलएलडीपी या तशाच दुसऱ्या पद्धतीमधून सांगतो. सीडीपी बंद केलं आणि एलएलडीपी चालू नसेल, तर एपीला कमी वीज मिळून तो एखादा रेडिओ बंद ठेवू शकतो किंवा कमी ताकदीवर चालू शकतो. मग त्रुटी टाळायला गेलात आणि कव्हरेजच्या तक्रारी ओढवून घेतल्या असं होईल. चार-पाच एपींवर करून, वीज किती मंजूर झाली ते स्विचवर बघून मगच पुढे जा.

न लागणाऱ्या सोयी बंद करा. एमडीएनएस गेटवे कुणी तरी कधी प्रोजेक्टरसाठी चालू केलेला असतो आणि नंतर सगळ्या नेटवर्कवर तसाच राहतो. जिथे लागतो तिथेच ठेवा. क्लायंटना आयपीव्ही६ देतच नसाल तर ते नेटवर्कवर अडवून टाका, पण देत असाल तर उत्पादकाने सांगितल्याशिवाय हात लावू नका. गेस्ट नेटवर्क पासवर्डविना असेल तर हे दीड महिने तरी त्याला की लावा किंवा त्याची व्याप्ती कमी करा. शक्य असेल तर गेस्टचा डेटा वेगळ्या कंट्रोलरवर न्या. हे थोडं अलोकप्रिय ठरेल, तरी मी आग्रह धरेन.

यानंतरचं काम नजर ठेवण्याचं. कंट्रोलरची एकूण मेमरी बघून भागत नाही. प्रोसेसवार मेमरी आणि सीपीयूचा आलेख दर पाच मिनिटांनी साठवा. झिरपणारी मेमरी दिवसभराच्या आलेखात वर जाते आणि रात्री क्लायंट घरी गेल्यावर खाली येत नाही, हीच तिची खूण. निरोगी कंट्रोलरमध्ये रेघ रात्री उतरते. ती रेघ किती दिवसांत छताला टेकेल याचा अंदाज बांधता येतो, आणि त्याआधी सोयीच्या वेळी आपण स्वतः रीबूट करून घेऊ शकतो. हा इलाज नाही, पण दुपारी बाराऐवजी पहाटे तीनला पडणं हे कामाचं आहे. सीपीयूच्या तऱ्हेसाठी एकाच वेळी किती एपी गळले याचा इशारा लावा. एक-दोन एपी गळणं रोजचं आहे, वेगवेगळ्या इमारतींतले वीस एकदम गळले तर स्विचकडे धावू नका, कंट्रोलरचा सीपीयू आधी बघा. कॅटॅलिस्ट ९८०० वापरत असाल तर हेही तपासा की सगळे एपी एकाच मोठ्या साइट टॅगमध्ये (एपींच्या गटात) कोंबलेले नाहीत ना. एका टॅगचे एपी एकाच डब्ल्यूएनसीडीकडे जातात. ९८००-८० मध्ये अशा आठ प्रोसेस आहेत, त्यातली एकच राबत असेल आणि सात मोकळ्या असतील, तर साधा भारही हल्ल्यासारखा दिसेल.

कंट्रोलर पडलाच तर पहिल्या दहा मिनिटांत पुरावा गोळा करा. रीलोडचं कारण, क्रॅश फाइल, कोर फाइल, त्या क्षणाच्या आधीचे लॉग. लॉग बाहेरच्या सर्व्हरवर जातच असले पाहिजेत, कारण यंत्रावरचे रीबूटमध्ये जाऊ शकतात. घाईत पुन्हा रीबूट करून फाइली पुसल्या गेल्या तर उत्पादकाचा मदत विभागही हातावर हात ठेवून बसतो. क्रॅशच्या वेळी कोणता क्लायंट जोडला जात होता, कोणता एपी जॉइन होत होता, ते मॅक पत्त्यासकट लिहून ठेवा. दुसऱ्यांदा पडला आणि तोच मॅक पत्ता पुन्हा दिसला, तर अर्धं काम झालं.

आणि लगेच 'हल्ला झाला' असं जाहीर करू नका. अशा सूचनांच्या तळाशी अनेकदा लिहिलेलं असतं की ही त्रुटी ग्राहकाच्या तक्रारीवर काम करताना सापडली. त्याचा अर्थ समजून घ्या: कुणा हल्लेखोराशिवाय, रोजच्या वापरात, कुणाचा तरी कंट्रोलर या त्रुटीने पडला होता. विचित्र ड्रायव्हर असलेला एखादा फोन किंवा अर्धवट अपडेट झालेला स्कॅनर ते पॅकेट नकळत पाठवू शकतो. माझ्या अनुभवात कंट्रोलर क्रॅशमागे बहुतेक वेळा असंच काही निघतं. हल्ल्याची शक्यता कमी आहे म्हणून थांबू, हा युक्तिवाद त्यामुळेच लंगडा आहे. त्रुटीला हल्लेखोर लागतच नाही.

शेवटी अपग्रेड. दीड महिन्याची मुदत नवी आवृत्ती निवडण्यात आणि तपासण्यात घालवा. सगळ्यात नवी आवृत्ती घ्यायचा मोह टाळा. तुम्ही आज ज्या मालिकेवर आहात तिच्यातली दुरुस्त झालेली आवृत्ती बहुतेकदा जास्त सुरक्षित असते. जुन्या एपींची यादी नव्या आवृत्तीच्या यादीशी ताडून बघा. सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या १७.४ आवृत्तीपासून १७००, २७००, ३७०० मालिकेतल्या एपींचा आधार काढला गेला होता आणि तो १७.९.३ मध्ये परत आला. आधार नसलेली आवृत्ती टाकणाऱ्याचे जुने एपी कंट्रोलरला जोडलेच जाणार नाहीत. एअरओएसवर असाल तर ८.१० ही तिची शेवटची मालिका आहे, म्हणजे कंट्रोलर बदलण्याचा विषय याच बैठकीत काढा.

अपग्रेडच्या रात्रीचा बहुतेक वेळ एपींची नवी इमेज (एपीचं सॉफ्टवेअर) उतरवण्यात जातो. ती आदल्या दिवशीच एपींवर आगाऊ उतरवून ठेवा, प्रत्येक एपीने ती पूर्ण घेतली का ते मोजा, आणि ज्यांची अर्धवट आहे त्यांची वेगळी यादी करा. राखीव कंट्रोलर जोडीत न ठेवता वेगळा ठेवला असेल तर गटागटाने एपी तिकडे सरकवून अपग्रेड करता येतं, सेवा जवळपास थांबत नाही. उत्पादकाने त्या त्रुटीसाठी छोटा पॅच दिला असेल, तर तो दीड महिन्याची वाट न बघता टाकता येतो का ते आजच विचारा. तसा असेल तर या उत्तराचा निम्मा भाग तुम्हाला लागणारच नाही.

वरिष्ठांसाठी आणखी एक मुद्दा. मे २०२५ मधल्या ज्या दिवशी वरच्या दोन डिनायल ऑफ सर्व्हिस त्रुटी जाहीर झाल्या, त्याच दिवशी त्याच कंट्रोलर सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-२०२५-२०१८८ ही जाहीर झाली. कोडमध्येच बसवलेल्या टोकनमुळे (सगळीकडे सारख्याच असलेल्या गुप्त किल्लीमुळे) कुणालाही फाइल चढवता येईल अशी ती त्रुटी, स्कोअर पूर्ण १०. एपी इमेज वेगळ्या मार्गाने उतरवण्याची सोय चालू असेल तरच ती लागू पडते, आणि ती सोय मुळात बंद असते, पण कुणी चालू केली असेल तर सांगता येत नाही. आज संध्याकाळी तेवढं सेटिंग बघून घ्या. ७.४ साठी पुढे ढकललेली आवृत्ती अनेकदा १० चंही दार बंद करत असते, आणि परवानगीच्या कागदावर मात्र फक्त ७.४ लिहिलेला असतो. त्या कागदावर दुरुस्त होणाऱ्या सगळ्या त्रुटींची यादी जोडा आणि तारीख अलीकडे आणायची मागणी करा.